‘मालक कोण?’ विचारणारे सर

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, त्याला कारणं भरपूर होती. आधी नोकरी होती. मग पेन्शनचे कागद, मग मोतीबिंदू, मग नातीचं लग्न. माणसाला खरं बोलायचं नसलं की त्याच्या घरात कामं संपतच नाहीत. मागच्या वर्षी सर गेले आणि उरलंसुरलं कारणही गेलं. तरी शाळेच्या हॉलमधल्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं तेव्हा मी काय करावं? सरांनी संगणकातून स्वतःलाच कसं बाहेर काढलं, तो गावभर झालेला किस्सा मी पुन्हा सांगितला. लोक हसले. शोकसभेत हसायला मिळालं की लोकांना बरं वाटतं, लवकर घरी जाता येईलसं वाटतं. खाली बसलो तेव्हा शेजारच्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, “वा बडेबाबू, सर डोयासमोर उभे केले.”

किस्सा खरा होता. पण त्या किश्शाच्या जोरावर सरांबद्दल जे ठरवलं गेलं ते खोटं होतं, आणि ते खोटं कसं, हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला पुरतं माहीत होतं.

मी खामगावातल्या एका शाळेत हेडक्लार्क होतो. आमच्याकडे त्याला बडेबाबू म्हणतात. सर तिथे भूगोल शिकवायचे. शाळेत संगणक आले तेव्हा ते कुठे ठेवायचे हा प्रश्न निघाला. भूगोलाच्या खोलीला तेवढे पडदे होते, आणि संगणकाला धूळ चालत नाही असं कोणीतरी वाचलं होतं. म्हणून संगणक भूगोलाच्या खोलीत गेले, आणि खोलीसोबत सर संगणकाचे प्रमुख झाले. आमच्या संस्थेत बहुतेक नेमणुका पडद्यांवरूनच व्हायच्या.

सर उंच, हाडकुळे. शर्टाच्या खिशात पेनऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. चालताना मान अशी पुढे, की माणूस येण्याआधी चष्मा पोचायचा. संगणक त्यांनी स्वतःच पुस्तकं आणून शिकून घेतला, आणि त्यातली एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरून बसली ती कायमची. संगणकात प्रत्येक फायलीला एक मालक असतो. ती कोणी नुसती पाहावी, कोणी तिच्यात लिहावं, कोणी पुसावी, हे तो मालक ठरवतो. बाकी जगात कोणी कोणाला काही विचारत नाही, इथे मात्र दारावर माणूस उभा आहे, याचं सरांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी बाकीच्या जगालाही तोच नियम लावायला घेतला.

त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. मालक कोण? शाळेच्या मैदानात गाय शिरली तर हाकलण्याआधी मालक कोण. दाराशी छत्री दिसली तर मालक कोण. स्टाफरूममध्ये एखादा म्हणाला, “ऐकतो की यंदा पगारवाढ रखडणार,” की सर चष्म्यावरून पाहायचे आणि विचारायचे, “या वाक्याचा मालक कोण?” बोलणारा वर्तमानपत्र उघडायचा. अशा रीतीने सरांनी स्टाफरूममधल्या सगळ्या गप्पा मारून टाकल्या. लोक त्यांना पाहिलं की चहा उभ्याने पिऊन निघायचे.

डबा उघडला की ते तुम्हाला भाजी दाखवायचे. “पाहा. हात लावू नका.” वर्तमानपत्र द्यायचे, पण घडी त्यांचीच राहिली पाहिजे. सायकलचा पंप मागितला तर नाही म्हणायचे नाहीत. स्वतः येऊन हवा भरून द्यायचे, कारण पंप चालवायचा अधिकार त्यांनी कोणाला दिलेला नव्हता. कोणत्याही खोलीत शिरताना दारात थांबून “येऊ?” विचारायचे. खोली रिकामी असली तरी. मी स्वतः पाहिलंय, रिकाम्या प्रयोगशाळेच्या दारात हा सहा फुटांचा माणूस उभा, येऊ म्हणून विचारतोय आणि उत्तराची वाट पाहतोय. नंतर काय ठरायचं कोण जाणे, पण आत जायचे.

घरोघरी संगणक आले तसे गावातले लोक सरांना बोलवायला लागले. तक्रार बहुधा एकच. संगणक बिघडला, दुकानदाराने सगळं पुसून नव्याने टाकून दिलं, जुने फोटो दिसतात पण उघडत नाहीत, परवानगी नाही म्हणतो. सरांना याचं कारण तोंडपाठ होतं. जुनं खातं गेलं, फोटोंचा मालक तोच राहिला. मालक मेला आणि वारस लावला नाही, असं ते सांगायचे. काम दहा मिनिटांचं. पण सर माऊसला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना बसवायचे आणि विचारायचे, “मालकी कोणाच्या नावानं करू?”

एका ऑइल मिलवाल्यांच्या घरी असाच प्रकार झाला. दोघं भाऊ, एक संगणक, त्यात धाकट्याच्या लग्नाचे फोटो. ते मोठ्याच्या जुन्या खात्यात अडकलेले. धाकट्याच्या बायकोला ते माहेरी पाठवायचे होते. मीच सरांना स्कूटरवरून घेऊन गेलो होतो. सरांनी प्रश्न टाकला. धाकटा म्हणाला, माझ्या नावानं करा, लग्न माझं. मोठा म्हणाला, कॅमेरा कोनाचा होता? धाकट्याच्या बायकोने आतून विचारलं की कॅमेरा घ्यायला पैसे मिलचे होते का घरचे. त्यावर मोठ्याची बायको बाहेर आली. त्या घरात तोवर मालक कोण हे कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून घर चाललं होतं. आम्ही निघालो तेव्हा दोघे भाऊ मिलच्या शेडबद्दल बोलत होते आणि फोटो होते तिथेच होते. स्कूटरवर मागे बसलेले सर समाधानाने म्हणाले, “आता त्याईचं पहिले ठरू दे.” त्यानंतर त्या घरात दोन चुली झाल्या. सरांमुळे झाल्या असं मी म्हणणार नाही, पण गाव म्हणतं.

आता तो किस्सा. शाळेच्या मोठ्या संगणकावर सरांनी परीक्षेच्या पेपरांचा एक फोल्डर केला होता. तो कोणालाही दिसू नये म्हणून त्यांनी परवानग्यांच्या यादीत ‘एव्हरीवन’ हे नाव निवडलं आणि त्यासमोर सगळीकडे नाहीची खूण केली. एव्हरीवन म्हणजे सगळे. त्या सगळ्यांत आपणही येतो, हे सरांच्या ध्यानात आलं ते ओके दाबल्यावर. संगणकाने त्यांना त्यांच्याच फोल्डरच्या दारात थांबवलं. ते तिथे कितीतरी वेळ बसून होते म्हणे. मग मालक या नात्याने त्यांनी आपल्या हक्काने आत जायची वाट काढली, आणि दुसऱ्या दिवशी हा सगळा प्रकार स्टाफरूममध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितला. चूक दाखवण्यासाठी सांगितला. फळ्यावर आकृती काढून. तेव्हा आम्हाला संगणकातलं काही कळलं नाही, पण सरांनी सरांना हाकललं एवढं बरोबर कळलं. त्यांनी सांगितलं नसतं तर आम्हाला हसायला काहीच मिळालं नसतं.

‘सरांनी सरांनाच परमिशन दिली नाही’ हे वाक्य मी तयार केलं. चांगलं जमलं होतं. पानठेल्यापर्यंत गेलं.

हे सगळं मी हसण्यावारी सांगतोय, पण या माणसाने एक काम केलं होतं, आणि ते आमच्या शाळेत कोणी केलेलं एकमेव काम होतं असं मला आता वाटतं. दर सुट्टीत ते पोरांना एकच अभ्यास द्यायचे. आपापल्या गावातल्या वावरांची नावं आणायची, आणि ते नाव का पडलं ते म्हाताऱ्यांना विचारून आणायचं. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात, आणि प्रत्येक वावराला नाव असतं. तीनकानी. रडकं. सासूचं. बिनपाण्याचं. भुऱ्या बैलाचं. सातबाऱ्यावर यातलं काही नसतं, तिथे नुसते गट नंबर. सर म्हणायचे, “गट नंबर तलाठ्याले समजते, बैलाले नाही.” पोरं आणत, सर शाळा सुटल्यावर टाइप करत, शंका असली की स्कूटर काढून त्या गावी जात. नांदुऱ्याकडची गावं झाली, संग्रामपूरकडची झाली. एकेका गावाची एकेक फाइल, आणि सगळ्यांचा मिळून एक फोल्डर. तो शाळेतल्या कोणत्याही संगणकावरून कोणीही वाचू शके. लिहिण्याचा अधिकार एकट्या सरांचा.

मी एकदा म्हटलं, “सर, दुसरी एक प्रत काढून ठेवा. यंत्राचा काय भरवसा?” तर म्हणाले, “प्रत काढली की दोन मालक झाले. मग खरं कोणतं?” इतका हुशार माणूस इतका मूर्खपणा करू शकतो हे पाहून मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पण त्यांनी मला एक गोष्ट दिली होती. मोठ्या संगणकाचा मुख्य पासवर्ड. लिहून नाही, कानात सांगून. “मी आजारी पडलो, मेलो, तर शाळा अडू नये. एरवी वापरू नका.” मुख्याध्यापकांना दिला नाही, मला दिला. मला का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा म्हणाले असते, तुम्ही विचारल्याशिवाय कपाट उघडत नाही म्हणून. तोवर ते खरंही होतं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष सोनाळ्याकडचे. मोठी शेती, मोठा आवाज. एक दिवस कार्यालयात माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी सरांचा फोल्डर उघडायला लावला, सोनाळ्याची फाइल काढायला लावली आणि आपल्या घरचं वावर शोधलं. विहिरीजवळचं, सगळ्यांत चांगलं. त्याच्यापुढे नाव होतं ‘हिसकलेलं’. आणि का, ते सरांनी खाली लिहून ठेवलं होतं: विधवा भावजयीकडून घेतलं, म्हणून गाव असं म्हणतं, सांगणाऱ्या म्हातारीचं नावही दिलेलं.

अध्यक्षांनी आधी सरांना बोलावून सरळ सांगितलं की नाव बदला, आजोबांचं नाव टाका. सर म्हणाले, नाव मी ठेवलं नाही, मी फक्त लिहून घेतलं. गावाने बदललं की मी बदलतो. एवढं बोलून, जाऊ का विचारून, गेले. मग अध्यक्षांनी स्वतःच माऊस धरला. तो शब्द खोडला, आजोबांचं नाव टाकलं, सेव्ह म्हटलं. पडद्यावर चौकट आली.

“हे काय म्हनते?” त्यांनी विचारलं.

“अ‍ॅक्सेस डिनाइड. परवानगी नाही म्हणते, साहेब.”

“कोनाले?”

“आपल्याले.”

हे परमुलखातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे घरात पाहुणा बसलेला असताना कपाटाला कुलूप लावत नाहीत. नवी सून चुकून लावते, आणि मग तो पाहुणा पुढे किती वर्षं पाणी प्यायला येत नाही हे सगळ्या भावकीला माहीत असतं. कुलूप चोरासाठी असतं; घरच्या माणसापुढे ते लावलं म्हणजे त्याला चोर म्हटलं. आमच्या कार्यालयातल्या प्रत्येक संगणकाचा पासवर्ड त्याच संगणकावर चिठ्ठी लावून लिहिलेला असायचा, त्यामागेही हाच चांगुलपणा होता. आणि इथे संस्थेच्या इमारतीत, संस्थेच्या यंत्राने, चार शिपाई बघत असताना अध्यक्षांना नाही म्हटलं होतं. अध्यक्ष उठले. दारात जाऊन वळले.

“बडेबाबू, यंत्र आपलं हाय का त्या मास्तरचं? आपल्या घरात आपल्यालेच कडी? उद्यापर्यंत हे सगळ्याईसाठी खुल्लं पाह्यजे मले.”

माझी बढती त्यांच्या हातात नव्हती, मुलाची नोकरी नव्हती, काहीच नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण भीतीने केलं असं वाचणाऱ्याला वाटेल आणि तो मला माफ करून टाकेल. मला त्यांच्या दारात आपला माणूस म्हणून उभं राहायचं होतं, एवढंच. शिवाय खरं सांगायचं तर सरांचं ते ‘येऊ का, जाऊ का’ मला पुष्कळ दिवस सलत होतं. त्यांच्यामुळे आम्ही बाकीचे सगळे न विचारता शिरणारे ठरत होतो.

दुसऱ्या दिवशी सर तालुक्याच्या शिबिराला गेले होते. मी त्यांच्या खोलीत गेलो. दारात थांबलो नाही. मुख्य पासवर्डने आधी माझ्या खात्याला अधिकार दिले, मग माझ्या नावाने फोल्डरची मालकी घेतली. संगणकाने विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. मग परवानग्यांच्या यादीत गेलो, एव्हरीवन निवडलं, आणि समोर ‘फुल कंट्रोल’वर खूण केली. पाहा, लिहा, पुसा, सगळ्यांनी सगळं. सरांनी त्याच नावापुढे सगळ्यांना नाही म्हटलं होतं, मी सगळ्यांना हो म्हटलं. गावाने हसायचं ठरवलं ते मात्र त्यांच्यावर.

मग कार्यालयात माझ्या टेबलावर येऊन सोनाळ्याची फाइल उघडली. ‘हिसकलेलं’ खोडून आजोबांचं नाव टाकलं, खालच्या दोन ओळी पुसल्या. सेव्ह झालं. फाइल तशीच उघडी ठेवून मी अध्यक्षांकडे सांगायला गेलो. त्यांनी चहा पाजला, बसा म्हणाले. मी बसलो.

तोवर शाळेत आमचे क्रीडाशिक्षक स्टाफरूममधल्या संगणकावरून गॅदरिंगचं शूटिंग मोठ्या संगणकावर चढवत होते. जागा नव्हती. बिचाऱ्याने दरवेळी जे केलं तेच केलं, म्हणजे दिसेल तो मोठा फोल्डर पुसायचा प्रयत्न केला. दरवेळी सरांचा फोल्डर त्यांना हाकलून लावायचा. सरांनी गावांचे जुने नकाशे स्कॅन करून त्यात ठेवल्यामुळे तो चांगलाच भरलेला होता. यावेळी तो गपकन गेला. दुसऱ्या यंत्रावरून पुसलेलं कचरापेटीतही येत नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. फोल्डर रिकामा झाला. एकच फाइल राहिली, कारण ती त्या वेळी माझ्या टेबलावर उघडी होती आणि उघडी फाइल संगणक पुसू देत नाही.

सर शिबिरावरून आले, आपल्या खोलीत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं. फोल्डरवर उजवी टिचकी मारून मालकाचं नाव पाहायला त्यांना पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. त्यांनी ते पाहिलेलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं.

“सगळं गेलं, बडेबाबू,” ते म्हणाले. “सोनाळा तेवढं राह्यलं. काऊन राह्यलं असंल?”

“मले काय माहीत, सर,” मी म्हणालो.

ते थोडे थांबले. आणखी काही येतंय का याची वाट पाहत असावेत. मग “बरं” म्हणाले, आणि जाऊ का न विचारता गेले. तेवढं एकदाच.

संस्थेच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा कोणाला फार विचार करावा लागला नाही. अध्यक्ष म्हणाले, या मास्तरने एकदा स्वतःले बंद करून घेतलं होतं, आता स्वतःचंच पुसून टाकलं. मुख्याध्यापक हसले. क्रीडाशिक्षक टेबलाकडे पाहत होते. त्यांनी काय पुसलं हे त्यांना कळलं असावं, पण ज्या कुलपातून ते कधी आत जाऊ शकले नाहीत ते उघडं कसं सापडलं हे त्यांनीही विचारलं नाही. मग अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, बडेबाबूंचं काय मत? मी माझं ते वाक्य म्हटलं. सरांनी सरांनाच परमिशन दिली नाही. सगळी बैठक हसली.

खिडकीशी बसलेले सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकत होते. पुरावा त्यांच्या खोलीत, त्या यंत्रावर होता. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि ते खिडकीबाहेर. दुसऱ्याची वस्तू त्याच्याशिवाय उघडायची नाही, हा त्यांचा नियम त्यांनी माझ्या पापालाही लावला असेल. मला वाटतं, ते सांगायचं तर मीच सांगायला हवं, असं त्यांचं मत होतं. विक्षिप्त माणसाचा हा ताप असतो, सोयीच्या वेळीही तो विक्षिप्तपणा सोडत नाही.

संगणकाची खोली त्यांच्याकडून काढून घेतली. जाण्याआधी त्यांनी फोल्डरच्या यादीतून एव्हरीवन काढून टाकलं; मालकाचं नाव मात्र होतं तेच ठेवलं. तिथे चिठ्ठ्या लागल्या, पासवर्डच्या. सर भूगोल शिकवत राहिले आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटर घेऊन पुन्हा गावोगाव जाऊ लागले, पहिल्यापासून. पण ज्यांनी नावं सांगितली होती त्यातले बरेच म्हातारे एव्हाना गेले होते, आणि त्यांची पोरं गट नंबर सांगत होती. काही महिन्यांनी सरांनी स्कूटर काढणं बंद केलं. त्यांनी निवृत्तीचा सत्कार घेतला नाही. आम्ही म्हटलं, पाहा, अहंकार.

निवृत्तीनंतर सर आपल्या गावी, वडनेर भोलजीला जाऊन राहिले. शाळेने जुने संगणक भंगारात काढले तेव्हा त्यांनी मोठ्या यंत्राची हार्डडिस्क भंगारवाल्याकडून घेतल्याचं ऐकलं आणि पुन्हा एकदा सगळे हसलो. त्यानंतर एक-दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. काचबिंदूने डोळे जवळजवळ गेलेत, एक छोटं काम आहे, येता का? मी म्हटलं येतो. बोलायचं ते त्या दिवशी बोलायचं, असं ठरवूनच निघालो.

घर साधं, पुढे पत्र्याची ओसरी. मी दारात थांबलो आणि “येऊ का?” म्हणालो. आतून वहिनी म्हणाल्या, “या ना बाप्पा, विचारता काय.” सर ओसरीत बसलेले, मान तशीच पुढे. समोर पुतण्याने दिलेला लॅपटॉप, त्याला तारेने जोडलेली ती डिस्क.

“फोल्डर दिसते म्हणते पुतण्या, पण उघडत नाही,” सर म्हणाले. “त्याले सांगून समजत नाही. तुमाले जमते.”

तुमाले जमते. मी लॅपटॉप पुढे ओढला.

“मालक कोण दाखवते?”

मी पाहिलं. तिथे नाव नव्हतं, लांबच लांब आकडा होता. “नाव नाही, सर. नुसता आकडा आहे.”

“नाव दिसतच नाही दुसऱ्या यंत्रावर. ज्याच्या त्याच्या खात्याचा आकडा राहते.” मी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. “राहू द्या. मले पाठ हाय तो.”

वहिनी चहा घेऊन आल्या, म्हणून दोघंही थांबलो. त्या गेल्यावर सर म्हणाले, “आता माह्या नावानं करा.” मी केलं. संगणकाने विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. फोल्डर उघडला. आत एकच फाइल.

“वाचा,” सर म्हणाले.

मी वाचत गेलो. तीनकानी. इमलीवालं. मारोतीमागचं. सर डोळे मिटून मान डोलवत होते, प्रत्येक वावर त्यांना दिसत असावं. मग मी विहिरीजवळच्या वावरापाशी आलो. तिथे मी टाइप केलेलं नाव होतं. मी ते वाचलं. दुसरं काही वाचायची हिंमत झाली नाही.

“नाही,” सर डोळे न उघडता म्हणाले. “हिसकलेलं. लिहा.”

मी लिहिलं. त्यांनी खालच्या दोन ओळीही सांगितल्या, म्हातारीच्या नावासकट, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी टाइप केल्या, सेव्ह केलं. पुढची नावं वाचून संपवली. काम झालं.

सर मला सोडायला फाटकापर्यंत आले, भिंतीला हात लावत. फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले, कडी काढली नाही.

“अजून काही राह्यलं का, बडेबाबू?”

पुढे रस्त्यावरून ट्रक जात होते. तो आवाज थांबला की बोलू, असं मी मनात म्हटलं. आवाज थांबला.

“नाही, सर. सगळं झालं.”

“बरं,” ते म्हणाले, आणि कडी काढली.

नांदुऱ्याची बस लगेच मिळाली. खिडकीशी बसलो आणि गाडी हलल्यावर ते सगळं मला आलं, सुरळीत, एका दमात, घरून ठरवून आणलेलं होतं तसं. सर, दार मी उघडलं होतं. तुम्ही विश्वासाने दिलेल्या शब्दाने उघडलं. नाव मी खोडलं, आणि तुमच्यावर हसणारं वाक्यही माझंच होतं. मला माफ करा. ओठ हलत असावेत, आवाजही निघाला असावा, कारण शेजारी मेथीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं.

“मले काही म्हनलं का, काकाजी?”

“नाही,” मी म्हणालो. “तुमाले नाही.”